रिकामी फळी

माझ्या मामीला पोहता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण निम्मं आयुष्य तिने पाण्याच्या काठावर, पाण्यात उतरणाऱ्यांची राखण करण्यात घालवलं आणि नव्याने येणाऱ्याला वाटायचं, ही बाई पट्टीची पोहणारी असणार. कसलं काय! गुडघाभर पाण्यातसुद्धा ती कधी गेली नाही. कुणी फारच आग्रह केला तर म्हणायची, "खाली बघण्यासारखं आहे काय? माझ्या नवऱ्याने फोडलेला दगड. तो मी कोरडा होता तेव्हाच पोटभर पाहिलाय."

ते खरंच होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा तिथे पाणी नव्हतं, दगडाची चालती खाण होती. मामा त्या खाणीवरचा सुरुंगवाला. कड्यात यंत्राने एका रांगेत खोल भोकं पाडायची, त्यांत दारू ठासायची आणि कडा खाली उतरवायचा, हे त्याचं काम. सुरुंग उडवताना खाली एखादं माणूस राहून गेलं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. म्हणून फाटकापाशी एक लाकडी फळी ठोकलेली होती आणि तिच्यावर खिळ्यांच्या रांगा. खाली उतरताना ज्याने त्याने आपला पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा, वर आल्यावर आपल्याच हाताने काढून खिशात टाकायचा. फळी पूर्ण रिकामी झाली की मामा भोंगा वाजवायचा. एक जरी बिल्ला लोंबकळत असला तरी भोंगा नाही की सुरुंग नाही, मग मालक कितीही आदळआपट करो. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावणं हा तिथला सगळ्यात मोठा गुन्हा होता. त्यासाठी मामाने एकदा स्वतःच्या मेहुण्याच्या कानाखाली वाजवली होती. तो मेहुणा म्हणजे माझे वडील, त्यामुळे ही गोष्ट आमच्या घरात जरा वेगळ्या सुरात सांगितली जायची.

पुढे दगडाला गिऱ्हाईक राहिलं नाही. खाण बंद झाली आणि पाणी उपसणारे पंप थांबवले. जमिनीखालचे झरे वाटच बघत असावेत. पाणी चढत गेलं. आधी दगड भरडायचं यंत्र बुडालं, मग नादुरुस्त म्हणून खाली सोडून दिलेला ट्रक, मग खाणीचा एकेक टप्पा. मामी सांगायची, रोज सकाळी मामा कठड्याशी उभा राहून पाणी कुठवर आलं ते बघायचा आणि आत येऊन काही न बोलता चहा प्यायचा. मालकाने त्याला राखणदार म्हणून ठेवून घेतलं, फाटकाजवळच्या दोन खोल्याही राहू दिल्या. पण तोवर दगडाची धूळ त्याच्या छातीत मुक्कामाला आली होती. शेवटी शेवटी तो उशांना टेकून बसूनच झोपायचा, बसूनच खोकायचा, आणि एका दुपारी बसल्या बसल्याच गेला. त्यांना मूलबाळ नव्हतं.

मामा असतानाच पाणबुडे यायला लागले होते. पाठीवर हवेचं सिलिंडर, तोंडात नळी, पायात पंखे, अंगाला चिकटलेला काळा रबरी सूट. मामी त्यांना बेडूक म्हणायची, अगदी तोंडावर. समुद्र तिथून लांब, आणि खाणीचं पाणी गोडं, स्थिर. वरचा थर हिरवट, कोमट. त्याच्या खाली गेलं की एकाएकी हाडं गोठवणारा गारठा, पण तिथून पुढे काचेतून बघावं तसं लख्ख दिसायचं. एका मनुष्याने तिथे पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवण्याचा वर्ग काढला. त्याला सगळे मास्तर म्हणत. मामाच्या मागे राखणदारी मामीने मागून घेतली आणि पहिल्याच दिवशी सामानाच्या खोलीतून ती जुनी फळी शोधून काढून पाण्याच्या पायऱ्यांच्या तोंडाशी ठोकली. मास्तरला कल्पना पसंत पडली. त्याने प्रत्येक पाणबुड्याला बिल्ला करून दिला. नियम तोच: ज्याचा बिल्ला, त्यानेच लावायचा आणि त्यानेच काढायचा. संध्याकाळी फळी रिकामी झाली की मामी फाटकाला कुलूप घालणार. फळी रिकामी म्हणजे पाणी रिकामं.

या बाबतीत ती कुणाचीही भीडभाड ठेवायची नाही. एकदा एक चांगला जाडजूड, पदावरचा गृहस्थ पाण्यातून बाहेर आला आणि थेट गाडीत जाऊन बसला. बिल्ला काढायला बायकोला पाठवलं. मामीने त्या बाईला तशीच परत धाडली. गृहस्थ खडीवरून अनवाणी, ओठ चावत आला. मामी म्हणाली, "बायको तुमची, बिल्लाही तुमचा. दोन्हींना दुसऱ्याचा हात लागू देऊ नका." काठावरची माणसं पोट धरून हसली. गृहस्थ लालबुंद झाला, पण पुढच्या वेळी तिच्यासाठी बिस्किटांचा डबा घेऊन आला.

मी तिच्याकडे राहायला आले तेव्हा माझं शिक्षण मध्येच लटकलेलं होतं आणि घरात मी सगळ्यांच्या डोळ्यांत सलत होते. मामीने मला मास्तरच्या हवेच्या खोलीत चिकटवून दिलं. कॉम्प्रेसर चालवायचा, सिलिंडरं भरायची, काटा बघायचा. दिवसभर त्या यंत्राचा धडधडाट. संध्याकाळी ते बंद झालं की मामीचं बोलणं सुरू. तिच्या तोंडाचा पट्टा कॉम्प्रेसरला हार जाणारा नव्हता. पण मी तिथे सुखात होते. इतकं सुख मला नंतर फारसं मिळालं नाही, आणि तेव्हा ते कळलंही नाही.

तिच्या बेडकांत दोघे भाऊ होते. थोरला लग्न झालेला, शांत, गाड्यांचे टायर विकण्याच्या दुकानात कामाला. धाकटा वायरमन, आईजवळ राहायचा आणि तोंडाने मामीचाच सवाई. वडील लवकर गेलेले, आईने टपाल कचेरीच्या काउंटरवर उभं राहून दोघांना वाढवलं होतं. दोघे सुट्टीच्या दिवशी हमखास यायचे. थोरला गाडीने, धाकटा मोटरसायकलने. आल्या आल्या धाकट्याची आणि मामीची जुंपायची. "मामी, आज चल खाली. तुला तुझ्या ट्रकमधून फिरवून आणतो." "तुझ्या आईला फिरव आधी. तिला कधी बागेत तरी नेलं होतंस का रे?"

तो मामीचा लाडका होता, हे ती कबूल करायची नाही. पण एकदा तो खालून वर आला आणि सूटसुद्धा न काढता तिच्यापुढे बसला. म्हणाला, "मामी, पार खालच्या टप्प्याला कड्यावर भोकांच्या खुणा आहेत. एका रांगेत, वरपासून खालपर्यंत. मामांनीच पाडली असतील ना?" मामी चहाचे कप विसळत होती. ती म्हणाली, "असतील. त्याच्याशिवाय कोण पाडणार?" थोड्या वेळाने, पाठ फिरवूनच, तिने विचारलं, "सरळ आहेत का रे?" तो म्हणाला, "ओळंबा लावल्यासारखी." मामी कप विसळत राहिली. स्वच्छ झालेले कप तिने पुन्हा विसळायला घेतले, तेव्हा मी तिथून उठून गेले. त्यानंतर तो दरवेळी वर आला की तिला नेमाने सांगायचा, "आहेत, जागच्या जागी आहेत." आणि ती म्हणायची, "जातायत कुठे!"

तो दिवस थंडी सुरू होण्याच्या सुमाराचा होता. दिवस लहान झालेले, काठावर गर्दी. दोघे भाऊ दुपारनंतर उतरले आणि नीट वर आले. त्याच वेळी मास्तरच्या वर्गातली एक मुलगी घाबरून भराभर वर आली आणि तिच्या नाकातून रक्त वाहायला लागलं. मोठं काही नव्हतं, पण ती रक्त बघून ओरडायला लागली. सगळे तिच्याभोवती. मामीने तिचं डोकं मांडीवर घेतलं, मी टॉवेल आणायला धावले. धाकटा गारठून कुडकुडत होता, म्हणून थोरल्याने फळीवरून आपला बिल्ला काढताना त्याचाही काढला आणि खिशात टाकला. धाकट्या भावाचं जेवणाचं ताट उचलून ठेवावं, इतक्या सहजपणे. मग "मी निघतो रे" म्हणून तो कपडे बदलून घरी गेला.

धाकटा पलीकडच्या बाजूला, जिथे सामान उतरवायचा उतार होता, तिथे आपलं सिलिंडर ठेवायला गेला होता. तिथे त्याच्या लक्षात आलं असावं की त्याची विजेरी वरच्याच टप्प्यावर राहिलीय. सिलिंडरमध्ये थोडी हवा शिल्लक होती. टप्पा खोल नव्हता. एक बुडी मारून आणू, एवढंच त्याला वाटलं असणार. हे सगळं मास्तरने नंतर जुळवून सांगितलं, कारण पाहिलं कुणीच नाही. विजेरी त्याला सापडली. वर येताना खाणीतले दगड उचलणाऱ्या जुन्या यारीचा लोखंडी दोर त्याच्या सिलिंडरच्या तोटीत मागच्या बाजूने अडकला. पाठीमागे हात पोचत नाही. सोबत जोडीदार असता तर त्याने चुटकीसरशी सोडवला असता.

अंधारून आलं तेव्हा मामीने फळी पाहिली. फळी रिकामी होती. तिने कुलूप घातलं.

घरी आईला वाटलं, धाकटा थोरल्याकडे राहिला असेल. तो तसा अधूनमधून राहायचा. थोरल्याला वाटलं, तो आईकडे पोचला असेल. सकाळी आईने थोरल्याला फोन केला तेव्हा दोघांच्याही पायाखालची जमीन सरकली. थोरला गाडी काढून खाणीवर आला. आम्ही नुकतंच फाटक उघडत होतो. बाहेर भिंतीलगत धाकट्याची मोटरसायकल उभी होती. थोरला गाडीतून उतरला, मोटरसायकलकडे बघितलं, आणि मामीपुढे येऊन त्याने मूठ उघडली. तळहातावर दोन बिल्ले होते.

"मामी, दोन्ही मीच काढले," तो म्हणाला. "त्याला थंडी वाजत होती म्हणून."

मी नुकत्याच आत गेलेल्या मास्तरला हाका मारत धावले. मास्तर सूट चढवायला लागला तशी मी फाटकाशी परत आले. मामीने दोन्ही बिल्ले थोरल्याच्या हातातून घेतले होते. एक तिने त्याच्या खिशात घातला, दुसरा स्वतःच्या मुठीत ठेवला. मग तिने त्याला दोन्ही खांद्यांना धरलं. तो तिच्यापेक्षा हातभर उंच होता, पण तेव्हा तो उंच दिसत नव्हता.

"ऐक," ती म्हणाली. "हा बिल्ला माझ्याकडे होता. तो वर आलेला मी पाहिला, मला आवरायची घाई होती, म्हणून फळीवरून मीच काढून ठेवला. तू तुझा काढलास आणि गेलास. कळलं?"

"मामी, असं कसं..."

"तुझी आई मागून येतेय ना?"

त्याने मान डोलावली.

"तिला आज एक मुलगा मिळणार नाहीये. दुसरा तरी घरी ने," मामी म्हणाली. "आणि तू मध्ये तोंड घालायचं नाहीस." हे शेवटचं मला होतं.

आई आली ती रस्त्याच्या वळणाकडून चालत, जवळजवळ धावत. अंगावर कचेरीत जायचे कपडे, पायात घरातल्या सपाता. मास्तर धाकट्याला घेऊन वर आला तेव्हा तिने आधी पळत जाऊन त्याच्या ओल्या केसांवरून हात फिरवला, कपाळावरचे केस मागे केले. मग उठून तिने विचारलं, "फळी कोण बघतं इथे?" काउंटरवर लोकांना हाका मारून कमावलेला तिचा आवाज. मामी पुढे झाली आणि म्हणाली, "मी. बिल्ला मीच काढला होता. चुकले." त्या बाईने मामीच्या तोंडात मारली. आणि मग तिथेच खडीवर बसून ती जे रडली, ते मी पुन्हा ऐकलेलं नाही आणि मला ऐकायचंही नाही.

चौकशी झाली. मामीने तिथेही तेच सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. थोरला खाली मान घालून बसला होता. मला त्याचा इतका राग आला होता की त्याच्याकडे बघवत नव्हतं. आता वाटतं, त्याला तरी काय करता आलं असतं? आई शेजारीच बसली होती, तिचा हात त्याच्या गुडघ्यावर होता. मालकाने मामीला काढून टाकलं आणि फाटकाजवळच्या खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. ज्या घरात ती लग्न होऊन आली, मामा जिथे उशांना टेकून गेला, ते घर तिने एका फेरीत रिकामं केलं. जाताना बेडकांपैकी कुणीही पुढे होऊन बोललं नाही. बिस्किटांचा डबा आणणारे ते गृहस्थसुद्धा दुसरीकडे बघत राहिले. "म्हातारीला फळी सांभाळता येत नव्हती तर सांगायचं होतं" असं एकजण माझ्यादेखत म्हणाला. मी त्याला तिथल्या तिथे झाडला असता, पण मामीने माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

पुढे माझं लग्न झालं आणि मामी आमच्याकडेच राहायला आली. माझा नवरा भला माणूस आहे. त्याने मागची खोली तिला दिली आणि कधी कपाळाला आठी घातली नाही. तिथे ती फाटके रबरी सूट दुरुस्त करायची. मास्तर गुपचूप आणून द्यायचा. फाटक्या कडांना डिंकासारखं दाट चिकट औषध लावायचं, ते थोडं सुकू द्यायचं, मग कडेला कड भिडवून अंगठ्याने दाबून धरायची. तिचे अंगठे कायम काळे. खाणीवर लोक म्हणायचे, मास्तरकडे कारागीर झकास आहे. कारागीर कोण ते मास्तरने कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर काम आलं नसतं.

थोरला एकदा आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला होता. मामी खिडकीतून म्हणाली, "इथे यायचं नाही. आईकडे जातोस ना? रोज जायचं. बस्स." तो परत गेला आणि मी ऐकून होते की तो खरंच रोज जायचा. आईला आपल्या घरी घेऊन आला, त्याच्या मुलांना तिनेच सांभाळलं. मामीला हे कळलं तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. "बघ," ती मला म्हणाली, जणू काही पैजच जिंकली होती.

त्यांची आई मात्र यायची. पहिल्यांदा आली ती आमचा पत्ता शोधत, आणि दारातूनच सुरू झाली. "डोळे फुटले होते का गं तुझे? माझं पोर पाण्याखाली नि तू कुलूप लावून घरात गेलीस? घास कसा उतरला तुझ्या घशाखाली?" शेजारीपाजारी गोळा झाले. मामी दारात उभी राहिली, हात पुढे बांधून, आणि सगळं ऐकून घेतलं. मध्ये मध्ये फक्त "हो" म्हणायची. बाई दमेपर्यंत ओरडली आणि गेली. मग ती वर्षातून काही वेळा यायला लागली. कधी धाकट्याच्या वाढदिवसाला, कधी उगाच. मी दार लावून घ्यायला जायचे तर मामी मला मागे सारायची. मला कळेना. मी म्हणायचे, "मामी, एकदा सांगून टाकू या. अजून किती दिवस बोलणी खायची?" ती म्हणायची, "तुला काय त्रास होतो? मला बोलते ना ती?" बाई यायची चाहूल लागली की मामी केस विंचरायची, हात घासून स्वच्छ करायची. बाई गेली की मामी थकलेली असायची, पण त्या रात्री तिला शांत झोप लागायची. एरवी ती पहाटेपर्यंत कूस बदलत राहायची, हे मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

अशी बरीच वर्षं गेली. दोघी म्हाताऱ्या झाल्या. मग एका सकाळी आई आली ती काठी टेकत, हळूहळू. मामी सूट दाबत बसली होती. बाई दारात थांबली नाही. आत आली आणि मामीसमोरच्या स्टुलावर बसली. मी तिथेच होते.

"आज ओरडायला नाही आले," ती म्हणाली.

"चहा ठेवू का?" मामीने विचारलं.

"नको. ऐक. त्या सकाळी मी रिक्षाने त्याच्या मागोमागच आले आणि वळणावरच उतरले होते. पुढे यायचा धीर होईना म्हणून. फाटकातून मी सगळं पाहिलं. त्याने मूठ उघडली. तू बिल्ले घेतलेस, एक त्याच्या खिशात घातलास." बाई श्वास घ्यायला थांबली. "मला सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग इतकी वर्षं?" मी म्हणाले. "इतकी वर्षं तुम्ही हिला वाट्टेल ते बोललात! गाव गोळा करून बोललात! हिचं घर गेलं, नाव गेलं..."

"तू गप्प बस," मामी म्हणाली.

"बोलू दे तिला," बाई म्हणाली. "खरं आहे ते. पण मला दोनच मुलं होती गं. एक गेला होता. दुसऱ्याकडे मी नुसतं बोट दाखवलं असतं तरी तोही त्याच दिवशी पाण्यात गेला असता, मी ओळखते त्याला. आणि कुणावर ओरडल्याशिवाय मी जगले नसते. तू पुढे आलीस. मी तुझ्यावर ओरडले." ती मामीकडे बघत होती. "त्याला अजून वाटतं, मला ठाऊक नाही. तसंच राहू दे. पण डॉक्टरांनी आता मला फार दिवस दिलेले नाहीत. तुझा काही दोष नव्हता, हे मला माहीत होतं, एवढं तुला सांगायला आले. बोलले ते सगळं परत घेते."

मामीने हातातला सूट खाली ठेवला. तो चिकटायचा होता, कडा पुन्हा उघडल्या. इतक्या वर्षांत मी तिला अर्धवट चिकटवलेला सूट खाली ठेवताना पाहिलं नव्हतं.

"नका घेऊ परत," ती म्हणाली.

"अगं..."

"त्या संध्याकाळी कुलूप लावायला गेले तेव्हा त्याची मोटरसायकल मी पाहिली." मामीचा आवाज अगदी साधा होता, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसा. "भिंतीलगत. हेल्मेट हँडलला अडकवलेलं होतं. मी जवळ गेले. हेल्मेट कोरडं होतं, आत हातमोजे होते. मनात आलं, हेल्मेट टाकून हा गेला कसा? मी मागे वळून फळीकडे बघितलं. फळी रिकामी. म्हटलं, फळी रिकामी आहे म्हणजे गेला असेल भावाच्या गाडीतून. एक हाक मारायला काय झालं होतं मला? तेव्हा तो जिवंत असेल किंवा नसेल. पण हाक तर मारायची. मी कुलूप लावलं आणि आत जाऊन जेवले."

मी हे पहिल्यांदाच ऐकत होते. ती माझ्याजवळही कधी बोलली नव्हती.

"खोटं बोलले ते बिल्ल्यापुरतंच," मामी म्हणाली. "तुम्ही जे ओरडायचात ते खरंच होतं. मला वाटायचं, कुणीतरी एक माणूस आहे जे मला खरं बोलतंय. आता तुम्ही म्हणता, तुम्हीही खोटंच ओरडत होतात."

बाईने पुढे वाकून मामीचे ते काळे, चिकट हात आपल्या हातांत घेतले. "तरीसुद्धा," ती म्हणाली, "तरीसुद्धा मी तुला माफ केलं. मनापासून केलं." ती रडत होती, आणि ते खोटं नव्हतं. मामीने हात सोडवून घेतले नाहीत, पण तिचा चेहरा असा झाला की मला तो बघवेना. बाई काठी टेकत गेली. जाताना तिने उंबऱ्यापाशी वळून मामीला नमस्कार केला.

त्यानंतर ती आणखी दोन-तीनदा आली, फार थकलेली. मामीसाठी लोकरीचा मफलर घेऊन आली, तब्येतीची चौकशी केली, नातवंडांचे फोटो दाखवले. एकदाही आवाज चढवला नाही. मामी केस न विंचरताच समोर बसायची आणि विचारलं तेवढ्याला उत्तर द्यायची. मग ती बाई गेल्याचं कळलं. थोरल्याने मास्तरकरवी निरोप पाठवला होता.

मी मामीला जाऊन सांगितलं. तिने ऐकलं, काम बाजूला केलं, आणि उठून हात धुतले. बराच वेळ घासत राहिली. मला वाटलं, मातीला जायचं म्हणत असेल, म्हणून मी चपला शोधायला लागले.

"कुठे निघालीस?" तिने विचारलं.

"तिच्याकडे. जायचं नाही का?"

ती परत खाली बसली. "माफ करून मोकळी झाली गं ती," मामी म्हणाली. "आता मी कुणापुढे उभी राहू?"

मी तिच्याशेजारी बसले आणि तिचा ओला हात पुसून दिला.